पत्र्याला मुंग्या

वाल्पाराइसोच्या टेकडीवर एकशे साठ पायऱ्या चढून
हत्यारांची पिशवी मी दारात टेकवली, तेव्हा
म्हातारा एलेउतेरिओ म्हणाला,
"हा खटका सारखा पडतो. खराब आहे. बदला."
सगळे असंच म्हणतात.
कुत्रं भुंकलं की कुत्रंच खराब.

घर बाहेरून नालीदार पत्र्याचं,
पिवळ्यावर निळा, निळ्यावर पुन्हा पिवळा,
सात रंगांखाली गंज आपला सावकाश चाललेला.
खालून समुद्राचं धुकं चढतं, त्यात मीठ असतं.
"धुकं आलं की भिंत चावते," नात सांगते, रोसेन्दा, सहा वर्षांची.
"चावत नाही गं. मुंग्या येतात."
मांजर मात्र त्या भिंतीला अंग घासत नाही.
मांजराची साक्ष मी लिहून घेतली.

बोर्ड उघडला.
डिफरन्शियल होता, तीस मिलिअँपिअरचा, चांगल्या कंपनीचा,
आणि त्याला वळसा घालून गेलेल्या दोन तारा,
एक फेजची, एक न्यूट्रलची,
काटकोनात वाकवलेल्या, स्क्रू नीट पिळलेले.
काम शहाण्या हाताचं होतं.
तेच वाईट.

"कधीपासून?"
तो आतल्या खोलीकडे बघत राहिला.
तिथं ओतिलिया, नाकात नळी,
आणि खाटेशेजारी हवा गाळणारं यंत्र, फुस्स, फुस्स.
"रात्री तीनला पडला. मला ऐकू येत नाही.
सकाळी हिची नखं निळी."

दोनशे घरांत बोललेलं वाक्य
माझ्या जिभेवर तयार होतं.
गिळलं.

हे यंत्र काही विद्वान नाही, मी त्याला मोठ्यानं सांगितलं.
गेलं किती, आलं किती, एवढंच बघतं.
गेलं तेवढं परत आलं तर गप्प.
जरा कमी आलं
तर ते कुणाच्या तरी अंगातून जमिनीत चाललंय असं धरतं
आणि तोडतं. विचारत बसत नाही.
जास्त भार झाला, तार तापली,
त्याचं याला काही नाही; त्याला दुसरा खटका.
याला फक्त हरवलेलं कळतं.

माझे वडील पालथ्या हातानं तार तपासायचे.
तळवा लावला तर मूठ मिटते, मग सुटत नाही.
हे ते कुठं शिकले
मी कधी विचारलं नाही.

त्या दोन तारा काढल्या. सगळे खटके खाली. मग एकेक वर.
स्वयंपाकघर, गप्प.
दिवे, गप्प.
मोरीकडची ओळ,
खट्.
भिंतीवर बंदर-कामगार संघाचं कॅलेंडर, एकोणीसशे अठ्ठ्याण्णवचं.
त्याचा खिळा उपसला.
टोकानं वायरची साल चिरली होती,
आणि तेच टोक बाहेरच्या पत्र्याला टेकलेलं.
इतकी वर्षं घर धुक्यात थोडं थोडं सांडत होतं.

वायर बदलली, पत्र्याला अर्थिंग जोडलं.
ओतिलियाच्या यंत्राला वेगळा डिफरन्शियल, वेगळं न्यूट्रल;
न्यूट्रलची सरमिसळ झाली
की एकाचं गेलेलं दुसऱ्याकडून परत येतं
आणि दोघंही उगाच रुसतात.
वीज गेली तर वाजेल अशी बॅटरीची घंटी
शेजारणीच्या, यास्नाच्या, उशाशी.
तिला विचारलं. ती म्हणाली, "झोप तशीही कुठं लागते?"
कोपऱ्यात भरलेला सिलिंडर हवाच, तो दवाखान्याकडून.
तेवढं माझ्या पिशवीत नसतं.

मग रोसेन्दाला स्टुलावर उभं केलं.
हे बटण, टी लिहिलेलं. दर महिन्याच्या एक तारखेला,
आजी सिलिंडरवर असताना, दाबायचं.
"काय होईल?"
अंधार.
"आणि नाही झाला तर?"
तर मला फोन. लगेच.
तिनं दाबलं. खट्. अंधारात ती खुदकन हसली.

कॅलेंडर आता चिकटपट्टीनं लावलंय, जरा तिरकं.
पैसे त्यानं दोन हप्त्यांत देईन म्हटलं, मी हो म्हटलं.
उतरताना धुकं चढत होतं.
वाटेतल्या एका हिरव्या पत्र्याला
मी सहज हात लावला.
पालथा.